धक्का कोणाचा? – बास्केटबॉलमधील लहानमोठ्यांचा न्याय

परीक्षा आटोपल्या, उन्हे तापू लागली, की आपल्या पुण्यात दोन गोष्टींना एकदमच भर येतो. सभागृहातून व्याख्याने सुरू होतात आणि मैदानावरून मुलांचे सामने. व्याख्यानास येणारे पुष्कळसे श्रोते वाटेत अशा एखाद्या मैदानाच्या कडेला घटकाभर थांबून आलेले असतात. त्यांतील काहींचा मुलगा किंवा नात तेथे खेळत असते. तेव्हा मैदानावरचाच एक प्रश्न आज या व्यासपीठावर आणला, तर तो अगदीच अस्थानी होणार नाही, असा आम्हांस भरवसा वाटतो.

प्रश्न ज्या प्रसंगातून निघाला तो प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी शहरातील एका मैदानावर लहान मुलांच्या गटाचा बास्केटबॉलचा सामना चालू होता आणि पंचाची शिट्टी आमच्याकडे होती. शेवटची दोन मिनिटे उरली होती. एका संघातील ठेंगणा, अत्यंत चपळ असा मुलगा चेंडूचे टप्पे मारीत बास्केटकडे धावला. वाटेत प्रतिपक्षाचा एक उंच, थोराड मुलगा दोन्ही पाय जमिनीवर रोवून आणि हात सरळ वर करून उभा होता. लहानग्याला वेग आवरला नाही. तो थेट त्या उंच मुलाच्या छातीवर आदळला आणि चेंडूसारखाच उसळून चार हात मागे पडला. त्याचा गुडघा फुटला. उंच मुलगा जागचा हलला नाही. कडेच्या सर्व मंडळींनी एका आवाजात "फाऊल! फाऊल!" म्हणून ओरडा केला. फाऊल होता हे खरेच. आम्ही शिट्टी वाजवली, आणि फाऊल दिला तो पडलेल्या मुलावर.

सामना संपल्यावर त्या मुलाचे वडील आमच्याकडे आले. गृहस्थ सभ्य होते, पण व्यथित झाले होते. ते म्हणाले, "साहेब, माझा मुलगा साडेचार फूट. तो समोरचा पावणेसहा फूट. पडला कोण? रक्त कोणाच्या गुडघ्याला आलं? आणि फाऊल कोणावर? हा कुठला न्याय?"

त्यावर आम्ही "नियमच तसा आहे" एवढेच बोललो. ते उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. नियम तसा का आहे, हे सांगितल्यावाचून नियम कोणाला पटत नाही, आणि पटला नाही म्हणजे पंचाचा निर्णय निव्वळ अरेरावी वाटू लागतो. त्या दिवशी जे सांगावयाचे राहून गेले ते आज सांगण्याचा विचार आहे.

आपल्या मराठी मनाला हा निर्णय खटकतो याचे एक कारण आपल्या तालमींत आहे. कुस्तीच्या आखाड्यात लहान-मोठ्याचा प्रश्न कसा सुटतो? वजनाने. 1952 साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले ते 57 किलो वजनाच्या गटात. त्यांना शंभर किलोच्या मल्लाशी झुंजावयाचे नव्हते. मुष्टियुद्धात वजनगट आहेत, कबड्डीच्या स्पर्धांतही खेळाडूच्या वजनाला मर्यादा घातलेली असते. म्हणजे या खेळांनी न्यायाची सोय मैदानाबाहेर, तराजूवरच करून ठेवली आहे. एकदा माणसे तोलामोलाची निवडली, की मग आत त्यांनी एकमेकांना खुशाल रेटावे.

बास्केटबॉलमध्ये असा तराजू नाही. कडे जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे 3.05 मीटरवर असते. ते सर्वांना सारखेच, आणि त्याखाली कोणत्याही उंचीच्या, कोणत्याही वजनाच्या माणसाने उभे राहावे. अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघात 1987-88 च्या हंगामात मग्सी बोग्स आणि मनूट बोल हे दोन खेळाडू एकत्र होते. पहिल्याची उंची पाच फूट तीन इंच आणि दुसऱ्याची सात फूट सात इंच. दोघांत अठ्ठावीस इंचांचे अंतर, आणि दोघेही त्याच कड्याखाली, त्याच नियमांनी खेळत. आपल्याकडेही पंजाबमधील बल्लो के या खेड्यातील सतनाम सिंग हा सात फूट दोन इंच उंचीचा खेळाडू 2015 साली अमेरिकेच्या व्यावसायिक संघनिवडीत निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला. त्याच्या सरावात त्याच्यापुढे उभे राहणारे सर्व काही सात फुटी नसणार हे उघड आहे.

उंच माणसांना वगळून टाकावे असा विचार कधी झालाच नाही असे मात्र नाही. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला. त्या वेळी सहा फूट तीन इंचांहून उंच खेळाडूंना बंदी करण्याचा नियम आंतरराष्ट्रीय संघटनेने केला होता. अमेरिकेने त्याला हरकत घेतली आणि तो मागे घेण्यात आला. तो टिकला नाही हे बरेच झाले. जी उंची माणसाने मागून घेतलेली नाही तिच्याबद्दल त्याला खेळाबाहेर ठेवणे, यात न्याय तो कोठला? पण बंदी नाही आणि वजनगटही नाहीत, तेव्हा न्यायाचे सारे ओझे येऊन पडले ते धक्क्याच्या नियमावर आणि तो चालवणाऱ्या पंचावर.

हा नियम मुळात कसा जन्मला ते पाहू. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ या व्यायामशिक्षकाने हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा एक खेळ योजिला. लाकडी जमिनीवर फुटबॉलची धक्काबुक्की झाली तर हाडे मोडतील, म्हणून त्याने कडे उंचावर टांगले आणि चेंडू हातात घेऊन धावण्यास मनाई केली. त्याच्या मूळ तेरा नियमांतील पाचवा नियम असा होता, की प्रतिपक्षाला खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे किंवा मारणे हे मुळीच चालणार नाही. पहिल्या वेळी तो फाऊल, आणि दुसऱ्या वेळी पुढील गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर. तेव्हा बास्केटबॉल हा मूळचा अंगाला अंग न लावण्याचा खेळ आहे.

पण अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद जागेत दहा माणसे धावू लागली, आणि त्या दहांनाही एकाच कड्याखाली पोचावयाचे असले, म्हणजे अंगाला अंग लागणारच. तुळशीबागेत गर्दीच्या वेळी शिरून कोणाचाही धक्का न लागता बाहेर या, असे सांगण्यासारखेच ते आहे. म्हणून प्रत्येक स्पर्श हा फाऊल होऊ शकत नाही. मग कोणता धक्का गुन्हा आणि कोणता अपघात? आणि गुन्हा असेल तर तो कोणाचा? या दोन प्रश्नांची उत्तरे आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी तीन तत्त्वांच्या आधारे दिली आहेत. तीनही तत्त्वे साधी आहेत. ती ध्यानात घेतली म्हणजे कडेला उभ्या असलेल्या मनुष्यालाही पंचाइतकेच दिसू लागते.

पहिले तत्त्व जागेचे. मैदानावरील प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य उभे पिंप आहे अशी कल्पना करा. समोरून त्याची कड तळहातांपर्यंत, मागून पार्श्वभागापर्यंत आणि बाजूंनी हातापायांच्या बाहेरच्या कडांपर्यंत. या पिंपाच्या आतील जागा त्या खेळाडूच्या हक्काची. प्रतिपक्षाच्या आधी त्याने ती धरली असेल, आणि धरताना कोणाला ढकलले नसेल, तर तेथे उभे राहण्याचा त्याचा अधिकार पक्का. आता आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की दोन पायांमधील अंतर खेळाडूच्या उंचीप्रमाणे कमी-अधिक असेल, हे याच नियमात स्पष्ट म्हटलेले आहे. उंच माणसाचे पिंप रुंद, ठेंगण्याचे अरुंद. ज्याचे जेवढे शरीर तेवढी त्याची जागा. मोठ्याने आपले अंग चोरून लहान माणसाच्या मापात बसावे अशी अपेक्षा नियम करीत नाही. तसेच मोठ्याला आपल्या मापाबाहेर कोपर किंवा गुडघा पसरण्याची सवलतही तो देत नाही.

दुसरे तत्त्व उभेपणाचे. हे पिंप वरच्या दिशेनेही जाते. आपल्या जागेच्या माथ्यावरचे आकाश आपलेच. खेळाडूने हात सरळ वर करावेत, सरळ वर उडी मारावी. तो आपल्या पिंपाच्या आत आहे तोवर त्याच्यावर येऊन आदळणारा दोषी, तो नव्हे. हे पटण्यास जुन्या पुण्यातील वाड्यांचा दाखला पुरे आहे. शेजाऱ्याने आपल्या जोत्यावर मजला चढवला तर आपल्याला त्याचा हेवा वाटेल, पण दावा लावता येणार नाही. मात्र त्याचा सज्जा वीतभर जरी आपल्या अंगणावर आला, तरी ते अतिक्रमण. उंच खेळाडूचे हात म्हणजे हेच मजले. ते सरळ वर आहेत तोवर ते कितीही उंच असोत, फाऊल नाही. ते पुढे झुकून खाली असलेल्या लहान खेळाडूच्या डोक्यावर किंवा हातावर आले आणि स्पर्श झाला, की दोष उंच खेळाडूचा. तो स्पर्श पाहणाऱ्याला कितीही हलका वाटो. आणि पाठमोऱ्या लहान खेळाडूच्या अंगावर मागून ओणवे होऊन चेंडू काढणे, ही तर उंच मुलांची नेहमीची खोड. "मी तर त्याला ढकललं नाही, सर," असे ते म्हणतात. ढकलले नसेल, पण शेजाऱ्याच्या अंगणावर सज्जा काढला, त्याचे काय?

जागेच्या या हक्काला वेळेचीही एक बाजू आहे. बचाव करणारा खेळाडू प्रतिपक्षाकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभा राहिला, की त्याची जागा कायदेशीर झाली. त्यानंतर चेंडूवाल्याच्या पुढे राहण्यासाठी तो बाजूला किंवा मागे सरकला तरी हक्क जात नाही. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याने कोणीतरी आडवे येणार हे गृहीत धरूनच धावले पाहिजे. थांबण्याची किंवा वळण्याची तयारी त्याची हवी. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला मात्र सावध होण्यास अवकाश मिळाला पाहिजे. त्याच्या वेगाच्या मानाने एक ते दोन पावलांचे अंतर सोडूनच त्याच्या वाटेत उभे राहता येते. आणि जो हवेत आहे त्याला तर पूर्ण संरक्षण आहे. त्याने उडी घेतली तेव्हा मोकळी असलेली जागा आणि तेथवरची मोकळी वाट मागाहून कोणी अडवता कामा नये. उडालेला मनुष्य हवेत वळू शकत नाही, हे नियमाने ओळखले आहे. याच काळजीपोटी 2010 पासून कड्याखाली 1.25 मीटर त्रिज्येचे एक अर्धवर्तुळ आखलेले असते. त्यात उभे राहून, हवेतून बास्केटकडे झेपावणाऱ्या चेंडूवाल्याचा धक्का अंगावर ओढून घेणाऱ्याला फाऊलचा लाभ मिळत नाही. अर्थात झेपावणाऱ्याने हात, पाय किंवा अंग गैररीतीने वापरले असेल तर गोष्ट वेगळी.

आतापर्यंतच्या विवेचनात खेळाडूचे वजन कोठे आले काय? जोर किती लागला, कोण पडला, कोणाला लागले, यांपैकी काही आले काय? मुळीच नाही. नियम विचारतो तो एवढेच, की जागा कोणाची होती आणि ती सोडून दुसऱ्याच्या जागेत कोण शिरले. आमच्या त्या ठेंगण्या मुलाचा निकाल येथेच लागतो. उंच मुलगा कड्यापासून दूर, अर्धवर्तुळाच्या बराच बाहेर उभा होता. तो आधी पोचला होता, त्याचे पाय जमिनीवर होते, हात सरळ होते आणि धक्का त्याच्या छातीवर बसला. तो न पडता उभा राहिला हा त्याच्या वजनाचा गुण. त्यात गुन्हा कसला?

तिसरे तत्त्व लाभ-हानीचे, आणि अडचण खरी येथे आहे. स्पर्श झाला, दोषीही ठरला. परंतु त्या स्पर्शाने कोणाचा लाभ वा कोणाची हानी झाली काय? झाली नसेल तर पंचाने उगाच शिट्टी वाजवून खेळ तोडू नये, असे नियम सांगतो. खेळाडूंची कुवत, त्यांची वृत्ती आणि वर्तन ध्यानात घेऊन व्यवहारबुद्धीने, पण सर्वत्र सारख्याच रीतीने निर्णय द्यावा, असेही त्यात म्हटले आहे. पहिल्या दोन तत्त्वांनी दाराबाहेर ठेवलेले वजन या तिसऱ्या दाराने आत येते. कारण तोच धक्का लहान्याला चार हात फेकतो आणि मोठ्याला जागचे हलवत नाही. मग धक्का तोच असून एकदा फाऊल आणि एकदा नाही, असे म्हणावयाचे काय?

याचे उत्तर दोन बाजूंनी दिले पाहिजे. मोठा लहान्याला रेटतो तेव्हा ते बहुधा पाठीने रेटणे असते. कड्याजवळ चेंडू घेऊन तो पाठमोरा होतो आणि कंबरेने, खांद्याने हळूहळू मागच्याला सरकवत नेतो. ठोसा नाही, आवाज नाही, काही भडक दिसत नाही. पाहणाऱ्याला वाटते, त्याची ताकदच आहे. पण मागच्याने जर जागा आधी धरली असेल, तर त्याला त्या जागेवरून हुसकणे हा फाऊल आहे. रेटणे ही कुस्तीत विद्या असेल, बास्केटबॉलमध्ये नाही. येथे लहान्याचे वजन कमी आहे म्हणून त्याची जागा कमी हक्काची ठरत नाही. उलट, तो सहज सरकतो म्हणूनच त्याची हानी लवकर दिसते आणि पंचाने ती पाहिली पाहिजे.

दुसरी बाजू लोकांच्या ध्यानात फारशी येत नाही, आणि आम्हीही ती उशिरा शिकलो. वर सांगितलेल्या सामन्यानंतर सर्व मंडळी पांगली आणि तो उंच मुलगा दप्तर घेऊन आमच्याजवळ आला. त्याने आपले मनगट पुढे केले. त्यावर नखांचे लाल ओरखडे होते. तो खालच्या आवाजात म्हणाला, "सर, चेंडू वर घेतला की दर वेळी ते हात धरत होते. तुम्ही एकदाही शिट्टी नाही वाजवली." आमच्याने काही बोलवेना, कारण त्याचे म्हणणे खरे होते. तो हललाच नाही, म्हणून त्याला काही झालेच नाही असे आम्ही धरून चाललो होतो. पाय जागचे हलले नव्हते, पण चेंडू फेकणारे मनगट हलले होते, आणि बास्केटबॉलमध्ये इंचभर मनगट हलले तर चेंडू कड्यावर आपटून बाहेर येतो. हानी झाली की नाही हे मनुष्याचे पाय पाहून ठरवावयाचे नसते. तो जे करू पाहत होता ते त्याला करता आले की नाही, हे पाहावयाचे असते.

हे केवळ मुलांच्या सामन्यात घडते असे समजू नये. अमेरिकेतील शकील ओनील हा सात फूट एक इंच उंचीचा, अत्यंत बलदंड खेळाडू 1992 पासून 2011 पर्यंत व्यावसायिक बास्केटबॉल खेळला. त्याचे फ्री थ्रो शंभरातून जेमतेम त्रेपन्न यशस्वी होत. म्हणून प्रतिस्पर्धी संघ त्याला मुद्दाम फाऊल करून फ्री थ्रोच्या रेषेवर पाठवीत. पहाडाला धक्का मारला तर पहाडाचे काय जाते, ही समजूत प्रेक्षकांत नेहमीच असते. पण पहाडाची उपमा उपमाच आहे. त्या अंगाच्या आत तुमच्याआमच्यासारखाच लागणारा, ओरखडणारा जीव आहे.

म्हणून आता आम्ही दोन प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारतो, आणि नव्या पंचांनाही तोच क्रम सांगतो. पहिला प्रश्न, दुसऱ्याच्या जागेत कोण शिरले? दुसरा, त्यामुळे समोरच्याला जे करावयाचे होते ते बिघडले काय? या क्रमाची उलटापालट झाली की अन्याय झालाच म्हणून समजावे. "कोण पडला?" येथून ज्याने सुरुवात केली तो नेहमी मोठ्यावर अन्याय करील. "कोण हलला नाही?" येथून ज्याने सुरुवात केली तोही शेवटी मोठ्यावरच अन्याय करील. आणि "शक्तिवानाची शक्ती आहे, चालावयाचेच" असे जो म्हणेल तो लहान्यावर करील.

पंचाच्या डोळ्यांना आणखी दोन मोह असतात. एक आवाजाचा. मोठा खेळाडू धावत येऊन आपटला की लाकडी जमीन दणाणते, आणि कान डोळ्यांच्या आधी निर्णय देऊ पाहतात. दुसरा पडण्याचा. पडणे ही एक कलाच झाली आहे. हलका स्पर्श होताच हात पसरून, ओरडून मागे कोसळणारे खेळाडू आपण पाहतो. असे सोंग करणाऱ्यास आंतरराष्ट्रीय नियमांत आधी ताकीद मिळते आणि पुन्हा केल्यास तांत्रिक फाऊल दिला जातो. या मोहांवर उपाय एकच. पंचाने चेंडूवर नजर खिळवून न ठेवता, बचाव करणाऱ्याचे पाय आणि धड पाहावे, आणि दोन खेळाडूंच्या मधली फट आपल्याला दिसेल अशा कोनात उभे राहावे. पाठीमागून पाहिले तर प्रत्येक स्पर्श धक्का वाटतो. बाजूने पाहिले की कोण कोणाच्या अंगणात गेला ते उघडे दिसते.

येथे एखादा चिकित्सक श्रोता विचारील, की हे सर्व मान्य केले तरी उंच माणसाचाच लाभ होत नाही काय? होतो. कडे दहा फुटांवर आहे, तेव्हा तो होणारच. आणि खेळाने त्याकडे डोळेझाक केली असेही नाही. कड्याखाली तळ ठोकून बसू नये म्हणून तीन सेकंदांचा नियम आला. कड्याकडे उतरणारा चेंडू उंच खेळाडू वरच्या वर अडवीत, म्हणून 1944 साली अमेरिकेच्या महाविद्यालयीन खेळात त्याला मनाई झाली. जॉर्ज मायकन या उंच खेळाडूचे वर्चस्व इतके वाढले, की 1951 मध्ये तेथील व्यावसायिक खेळात कड्याखालचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आला. मात्र या उपायांची रीत पाहा. ते सर्वांना सारखेच लागू आहेत. उंच माणसाचा धक्का मोठा समजा किंवा त्याला चारच फाऊलांवर बाहेर काढा, असे कोणी म्हटले नाही. सहा फाऊल झाले की बाहेर, हा त्या व्यावसायिक खेळातील नियम बोग्सलाही होता, आणि आंतरराष्ट्रीय मैदानावर पाच फाऊलांचा नियम आजही उंच-ठेंगण्या सर्वांना सारखाच आहे. लहान मुलांसाठी कडे 2.60 मीटरवर आणतात, चेंडू लहान देतात. पण जागेचे आणि उभेपणाचे तत्त्व तेथेही तेच राहते. कडे खाली आणता येते, न्याय खाली आणता येत नाही.

आता या सर्वांचा आपल्याशी, मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आईवडिलांशी आणि शिक्षकांशी काय संबंध? आमच्या मते फार जवळचा आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांत उंचीचा फरक सर्वांत मोठा असतो. एकाच वर्गातील दोन मुले, एक अजून बाळसेदार आणि दुसरा बापाच्या खांद्याला लागलेला. त्या उंच मुलाला दर धक्क्याला शिट्टी ऐकावी लागली, तर तो काय शिकतो? आपले शरीर हाच आपला अपराध आहे, हे शिकतो. तो पोक काढून उभा राहतो, हात वर करावयास भितो, आणि लवकरच मैदान सोडतो. अशी मुले आम्ही पाहिली आहेत. उलट लहान मुलाला दर वेळी दयेची शिट्टी मिळाली तर तो पडावयास शिकतो, वळावयास शिकत नाही. वास्तविक वेग आवरणे, दिशा बदलणे, चेंडू खालून काढून नेणे ही लहान्याची खरी अस्त्रे. पाच फूट तीन इंचांचा बोग्स ज्या बळावर चौदा हंगाम टिकला ते हेच बळ. दयेने आपण ती अस्त्रे त्याच्या हातून काढून घेतो.

पुण्याच्या शिरीन लिमये हिने भारतीय महिला संघाचे कर्णधारपद भूषवले. आपल्या मुली अशा पदापर्यंत पोचतात तेव्हा परदेशी मैदानावर त्यांना आपल्याहून उंच आणि भरभक्कम प्रतिस्पर्धी भेटतातच. तेथील पंच कोणाचीही दया करीत नाही. गल्लीतल्या मैदानावर जिला खरा न्याय मिळाला, तीच तेथे बावरत नाही.

त्या गृहस्थांची आणि आमची पुढे एकदा गाठ पडली. आम्ही त्यांना मैदानाच्या बाजूला नेऊन, चालू खेळातील दोन मुलांकडे बोट दाखवून म्हटले, "चेंडू पाहू नका. पाय पाहा, आणि मधली फट पाहा." ते पाच-सात मिनिटे पाहत राहिले. मग एक धक्का लागला, लहान मुलगा पडला, आणि मंडळींनी ओरडा केला. ते गृहस्थ मात्र गप्प होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तो आधी उभा होता."

एवढे ज्याला दिसले त्याला बास्केटबॉलमधील निम्मा न्याय कळला. उरलेला निम्मा त्या उंच मुलाच्या मनगटावर लिहिलेला होता. तो वाचावयास आम्ही विसरलो, तसे आपण विसरू नये, एवढीच विनंती.